ब्लायच्या धक्क्यावर

बोर्दो, १० सप्टेंबर २०२४

ती. यामिनीताई,
सा. न.

काल संध्याकाळी बोर्दोला सुखरूप पोचलो. पॅरिसहून ट्रेननं दोन तास लागले. स्टेशनजवळच्या दुकानात सायकली ठरवलेल्या होत्या, त्या ताब्यात घेतल्या. माझ्या मैत्रिणीला, मैत्रेयीला, मॉन्ट्रियलमध्ये राहून फ्रेंच चांगलं येतं. ती दुकानदाराशी बोलत होती आणि मी शेजारी उभी राहून ब्रेक दाबून बघत होते. आता पंधरा दिवस मोटारीत बसायचं नाही, असं तिनं मला बजावून ठेवलंय. सायकल, ट्रेन आणि खाडी ओलांडायला बोट. सायकलीच्या दोन्ही बाजूंना दोन पिशव्या, त्यात मावेल तेवढंच सामान.

फोन न करता लिहितेय त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. कानाला लावून तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर घेता, आणि उल्हास शेजारच्या खुर्चीत असतो. त्याला सगळं समजतं. अर्धांगाचा झटका आला त्याला तीन वर्षं झाली, त्यात शब्द तेवढे गेले. उरला तो एकच, 'नाही'. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. तोंडाकडे बघून ओळखायचं. चार-पाच दिवसांत जमेल तुम्हाला. तुमचा तर धाकटा भाऊ.

सगळं फ्रिजवरच्या कागदावर लिहिलंय, तरी पुन्हा सांगते. सकाळची मदतनीस साडेआठला येते, दहाला जाते. आंघोळ तीच घालते. त्याचा उजवा पाय उचलत नाही, म्हणून वॉशरूमला नेताना तुम्ही उजव्या बाजूला राहा. त्याला एकट्याला उठू देऊ नका. ग्रोसरी दोन आठवड्यांची भरली आहे. गाडी गराजमध्ये नुसती उभी राहणार आणि तुम्ही घरात अडकणार, याचं मात्र वाईट वाटतं. ऊर्मी बर्नाबीहून रविवारी फोन करेल. 'मॉम, जस्ट गो' म्हणून तिनंच मला ढकललं.

पण खरं म्हणजे मी निघाले ती तुमच्यामुळे. तुम्ही सांगलीहून येऊन बॅगा ठेवल्यात आणि म्हणालात, 'जा, मी आहे.' तीन वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

तुमची,
सुनेत्रा


ग्वेल्फ, कॅनडा, १२ सप्टेंबर

चि. सौ. सुनेत्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र टॅबवर अक्षर मोठं करून वाचलं. इकडे सर्व क्षेम आहे. क्षेम म्हणजे काय, ते खरं लिहिते. सकाळी ती मदतनीस येते तो दीड तास मी माणसांत असते. दहाला ती गेली की दार बंद, आणि मग मी आणि उल्हास. त्याला भरवायचं, तोंड पुसायचं, वॉशरूमला न्यायचं, परत खुर्चीत बसवायचं, तोवर पुढच्या खाण्याची वेळ. दुपारी तो डुलकी घेतो तेव्हा मी खिडकीशी उभी राहते. तुमच्या रस्त्यावर माणूस नाही. गराजचं दार आपोआप वर जातं, मोटार आत जाते, दार खाली येतं. आत कोण गेलं तेही दिसत नाही. काल दूध संपलं. दुकान किती लांब म्हणून शेजारणीला विचारलं तर म्हणाली, 'फाइव्ह मिनिट्स.' म्हणजे मोटारीनं. चालत किती ते तिला माहीतच नव्हतं. मग तिनंच आणून दिलं.

पस्तीस वर्षं मी एसटीच्या सांगली विभागात काढली. ड्रायव्हर-कंडक्टरांचे रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. रजा मागताना माणूस कारण किती वाढवून लिहितो, ते मला पाठ आहे. तू तुझं कारण कमी करून लिहिलंस असं आता वाटतं.

तरी एक सांगते, रागावू नकोस. पहिल्या वर्षी तू वृद्धाश्रमाचा, तुमच्या भाषेत लॉन्ग टर्म केअरचा, विषय काढला होतास. तेव्हा मी म्हणाले होते, आपल्या घरात माणूस बाहेर ठेवत नाहीत. माझं मत अजून तेच आहे. कष्ट आहेत, कबूल. पण आईनं बाबांचं अकरा वर्षं केलं, तेही गॅस नसताना. तू दमली आहेस. चार दिवस हिंडलीस की बरं वाटेल.

तुझ्या तळघरात व्यायामाची सायकल आहे, जागेवर चालवायची. तिच्यावरचा आकडा चष्मा लावून वाचला. चार हजार आठशे किलोमीटर. एवढं कुठे गेलीस गं?

उल्हासची दाढी मी केली. हनुवटीला जरा कापलं.

तुझी,
यामिनीताई


पोयाक, १४ सप्टेंबर

ती. यामिनीताई,
सा. न.

तुमचं पत्र मी एका द्राक्षमळ्याच्या दगडी कुंपणावर बसून वाचलं. काल मार्गो नावाच्या गावाहून इथे आलो. रस्ता निम्मा तरी द्राक्षांतून होता. तासगावकडची द्राक्षं मांडवावर असतात, आपण खालून चालतो. इथे वेल कमरेएवढाच ठेवतात. रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ, आणि कित्येक रांगांच्या टोकाला एकेक गुलाब. वेलावर रोग यायचा असेल तर तो आधी गुलाबावर दिसतो, असं मैत्रेयीला कुणीतरी सांगितलं. एकदोन मळ्यांत तोडणी सुरू झालीय. ट्रॅक्टर पुढे असला की आंबूस-गोड वास येतो आणि रस्त्यावर चिरडलेले मणी दिसतात, त्यांवरून चाक घसरतं.

जिरोंद ही नदी म्हणायची की खाडी, ते मला कळलेलं नाही. पाणी दुधाच्या चहासारखं. पलीकडचा काठ पुसट दिसतो. अलीकडच्या काठाला लाकडी खांबांवर झोपड्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या पुढे एक मोठं चौकोनी जाळं कप्पीवर टांगलेलं. भरती आली की खाली सोडतात. एक म्हातारा तासभर जाळं वर-खाली करत होता. मिळालं काही नाही, तरी त्याला घाई नव्हती.

मला मात्र पहिले दोन दिवस घाई सुटली नाही. दर अर्ध्या तासाला घड्याळ बघायचे. आता तिकडे गोळीची वेळ, आता वॉशरूमची. काल दुपारी वारा मागून होता, रस्ता मोकळा होता, आणि मी सगळं विसरले. किती वेळ ते कळलं नाही. मग एकदम आठवलं आणि मी ब्रेक दाबून रस्त्याच्या मधेच उभी राहिले. शेगडी चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखा जीव झाला. मैत्रेयी कितीतरी पुढे गेली होती.

बेसमेंटमधल्या सायकलीचं विचारलंत. उल्हास दुपारी झोपतो ती चाळीस मिनिटं. त्याच्या खोलीतला आवाज ऐकू यावा म्हणून बेबी मॉनिटर हँडलला अडकवते. लॅबची नोकरी अर्धवेळ केल्यापासून रोज. कुठे गेले नाही ताई. तिथेच होते.

लॉन्ग टर्म केअरबद्दल तुमचं मत मला माहीत आहे. त्यावर कधीतरी समोरासमोर बोलू.

सोमवारी लामार्कहून बोटीनं पलीकडे ब्लायला जातोय. तिथून काठाकाठानं उत्तरेला रोयाँपर्यंत, जिथे खाडी समुद्राला मिळते.

तुमची,
सुनेत्रा


ग्वेल्फ, १७ सप्टेंबर

चि. सौ. सुनेत्रा हिस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक आहे. उल्हास बरा आहे. जेवण जरा कमी झालंय, हवा बदलली म्हणून असेल. समोरच्या झाडाची पानं टोकाला लाल व्हायला लागलीत.

एक विचारायचं होतं. या घरातली एखादी गोष्ट मला सांगायची राहिली आहे का? राहिली असेल तर सांग. नसेल तर नसू दे.

फोन करू नकोस. उल्हासला हल्ली फोनचा आवाज सहन होत नाही.

यामिनीताई


रोयाँ, १९ सप्टेंबर

ती. यामिनीताई,
सा. न.

आज रोयाँला पोचलो. समुद्र आहे, वारा खूप आहे. मैत्रेयी मजेत. माझा गुडघा थोडा धरलाय, पण चालतंय.

सांगायची राहिलेली गोष्ट म्हणजे डिशवॉशर असेल. तो मधूनच खालून गळतो, दाराशी जुना टॉवेल लावून ठेवा. दुसरं काही आठवत नाही.

उल्हास जेवत नसेल तर मऊ भात आणि दही देऊन बघा.

सुनेत्रा


ग्वेल्फ, २१ सप्टेंबर

चि. सौ. सुनेत्रा,

हे पत्र मी तीनदा लिहून पुसलं. आता पुसणार नाही.

सोमवारी, सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजता एका बाईचा फोन आला. तू आहेस का विचारलं. नाहीस म्हटल्यावर तिनं निरोप दिला. उल्हाससाठी लॉन्ग टर्म केअरमध्ये एक बेड रिकामा झालाय, चोवीस तासांत हो की नाही ते कळवा. कळवलं नाही तर बेड पुढच्या माणसाला आणि यांचं नाव यादीतून कमी. अठरा महिने यादीत होतात, असंही ती म्हणाली. नंबर दिला. मी लिहून घेतला.

फोन स्पीकरवर होता. उल्हास शेजारी होता.

तुला मी कळवलं नाही. चिठ्ठी गणपतीच्या फोटोमागे सारली. मला फार राग आला होता तुझा. अठरा महिने माझ्याशी दर रविवारी बोलत होतीस आणि भावाचं नाव तिकडे घालून बसली होतीस. मंगळवारी सकाळपासून उल्हास त्या फोनकडे टक लावून होता. मला वाटलं, घाबरलाय. अकरा वाजून गेल्यावर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'गेलं ते. तू कुठेही जाणार नाहीस.' त्यानं माझा हात झटकला. नंतर दोन दिवस दाढीला हात लावू दिला नाही. बायकोनं दगा दिला म्हणून दुखावलाय, अशी मी समजूत करून घेतली. त्याच मंगळवारी तुला ते खोचक वाक्य लिहिलं होतं, आणि तू मला डिशवॉशर सांगितलास.

काल दुपारी मी कणीक मळत होते. तो एकटा उठला. आवाज आला म्हणून धावले तर वॉशरूमच्या दारात उजव्या कुशीवर पडलेला. डोकं आपटलं नव्हतं, शुद्ध होती. मी सदुसष्ट वर्षांची आणि तो ऐंशी किलोचा. दोनदा काखेत हात घालून ओढलं. तिसऱ्यांदा माझीच कंबर धरली आणि मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. फोन ओट्यावर होता. मदतनीस दुसऱ्या दिवशी साडेआठला येणार. मी हाका मारल्या. तुमच्या खिडक्यांना काचा दुहेरी, हाक जाणार कुठे?

दोन तास आणि वर थोडी मिनिटं आम्ही तसे होतो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. पहिला अर्धा तास मी त्याला रागावत होते, का उठलास म्हणून. मग रागवायचं संपलं. बोलायचंही संपलं. तुझे दिवस कसे जात असतील ते मला तेव्हा कळलं, पत्रांतून नव्हतं कळलं. शेवटी मी त्याला विचारलं, 'उल्हास, तुला जायचं होतं का रे तिकडे?'

'नाही,' म्हणाला.

'मग इथे राहायचंय?'

'नाही,' म्हणाला. पण या वेळी त्यानं माझी बोटं इतकी घट्ट धरली की अंगठी रुतली. याचा अर्थ मी लावणार नाही. एकदा त्याच्या वतीनं अर्थ लावून बसले, तेवढं पुरे.

कंबर थोडी सुटल्यावर सरपटत जाऊन फोन खाली ओढला आणि ९११ लावला. अग्निशमनचे चार जण आले, त्यांनी दोन मिनिटांत त्याला उचलून खुर्चीत ठेवलं. तपासून गेले. त्यातल्या एकानं विचारलं, घरात आणखी कोण असतं? मी तुझं नाव सांगितलं. आणखी? असं त्यानं परत विचारलं. मला दुसरं नाव सांगता आलं नाही.

हे तू तीन वर्षं केलंस आणि मी सांगलीत बसून मत दिलं. बेड माझ्यामुळे गेला. जे बोलायचं असेल ते बोल, मी ऐकून घेईन.

यामिनीताई


ब्लाय, २२ सप्टेंबर

ती. यामिनीताई,
सा. न.

उल्हासला कुठे सूज आहे का? कुशीवर, खुब्यापाशी बघा. तुमची कंबर कशी आहे? ते आधी कळवा. बेसमेंटच्या कपाटात गरम पाण्याची पिशवी आहे.

बेड तुमच्यामुळे गेला नाही.

त्या बाईनं मला ईमेलही केला होता, त्याच दिवशी. इथे संध्याकाळचे पाच वाजले होते. लामार्कहून बोट ब्लायला लागली, मी सायकल ढकलत धक्क्यावर उतरले आणि फोन वाजला. तिथेच उभी राहून वाचलं. मागचे लोक सायकली घेऊन बाजूनं जात होते. मैत्रेयीनं विचारलं काय झालं, तर मी म्हणाले, गुडघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून मी त्याच धक्क्यावर बाकावर बसून होते. वर जुना किल्ला आहे, लोक तो बघायला जात होते. मी हो लिहिलं आणि पुसलं. नाही लिहिलं आणि पुसलं. हो म्हटलं असतं तर पाच दिवसांत त्याला हलवावं लागलं असतं. मी तिथे नसताना अनोळखी माणसांनी त्याचे कपडे भरले असते, नाहीतर मी धावत आले असते आणि स्वतःच्या हातानं भरले असते. नाही म्हटलं असतं तर नाव गेलं, परत अठरा महिने, कदाचित जास्त. बोट आली, गेली, परत आली. पाच वाजले. मुदत संपली. ताई, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग उठून सायकलपर्यंत गेले आणि परत येऊन बाकावर बसले.

मी रोयाँला गेलेलीच नाही. बुधवारी मैत्रेयी एकटी पुढे गेली, गुडघ्याचं कारण तिनं खरं मानलं. मी गेले सहा दिवस या एकाच गावात आहे. इथे जुनी रेल्वेलाइन काढून सायकलचा रस्ता केलाय. मोटार नाही, दोन्ही बाजूंना झाडं, चढ नाही. रोज सकाळी मी त्यावरून निघते. तेरा किलोमीटरवर एक गाव आहे, तिथवर जाते आणि परत फिरते. पुढे रस्ते आहेत, अडवणारं कुणी नाही, तरी रोज तिथूनच परत.

मी जिथे राहते त्या बाईंच्या भावाचा द्राक्षमळा आहे. तोडणीला अठरा माणसं आहेत आणि स्वयंपाकाला हात कमी. त्यांनी खुणेनं विचारलं, मी हो म्हटलं. गुरुवारपासून बटाटे सोलतेय. काल मसुरांचा रस्सा केला, त्यांना आवडला. तीन वर्षांनी मी अशा माणसांसाठी रांधलं, जी जेवून आपापल्या पायांनी उठून गेली. भांडी घासताना मी रडत होते. त्या बाईंना वाटलं कांद्यानं.

पुढचं लिहिते ते तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर उद्या मीच नाकारेन. हे सहा दिवस माझ्या मनात होतं की परत जाऊ नये. कुठे जाईन, काय करीन, ते काही नव्हतं. फक्त परत जायचं नाही, एवढंच. तुम्ही 'जा, मी आहे' म्हणाला होतात. त्याचा मी वाईट उपयोग करणार होते.

पण त्यानं ते फोनवर ऐकलं, हे वाचल्यावर मला बसवेना. अठरा महिने त्याच्यापासून लपवताना मी स्वतःला सांगत होते की त्याचं मन मोडू नये म्हणून. त्याला विचारावं असं एकदाही सुचलं नाही. मी त्याच्या 'नाही'चा अर्थ लावण्यात इतकी पटाईत झालेय की त्याला प्रश्नच विचारत नाही.

पंचवीसला येते. मी येतेय एवढंच त्याला सांगा. बाकीचं मी सांगेन.

सुनेत्रा


ग्वेल्फ, २४ सप्टेंबर

चि. सौ. सुनेत्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

उल्हासच्या खुब्यावर निळं पडलंय, सूज नाही. डॉक्टरांनी काल फोनवर बघितलं. माझी कंबर वाकते आहे.

तुझं पत्र वाचून आधी मला रागच आला. चार दिवस मी इथे स्वतःला खात होते आणि तू तिकडे बटाटे सोलत होतीस. मग हसू आलं. परत न येण्याचं जे लिहिलंस ते वाचून मी टॅब पालथा ठेवला होता. पण फरशीवर बसले असताना माझ्याही मनात आलं होतं की उद्याच्या विमानानं सांगलीला जावं. बारा दिवसांत आलं. तुझं तीन वर्षांनी आलं.

आज एक केलं, ते सांगते. तुमच्या कोपऱ्यावर बस थांबते हे मला परवा मदतनिशीनं सांगितलं. गराजमधली चाकाची खुर्ची काढली, तिनं उल्हासला त्यात बसवून दिलं, आणि ती सुट्टी झाल्यावर आमच्याबरोबर थांब्यापर्यंत आली. बस आली. ड्रायव्हरनं बटण दाबलं तशी बस एका बाजूनं खाली वाकली आणि आतून फळी बाहेर आली. पस्तीस वर्षं एसटीत काढली, पण माणसाला घ्यायला बस वाकलेली पाहिली नव्हती. उल्हास हसला. मोठ्यानं हसला. बसमधल्या दोन बायकांनी वळून बघितलं.

नदीकाठी उतरलो. बदकं होती, सायकलवाले होते, बाकांवर म्हातारी माणसं होती. दोन तास बसलो. एका माणसानं उल्हासला 'नाइस डे' म्हटलं आणि उल्हास 'नाही' म्हणाला. तो माणूस मान हलवून पुढे गेला. कुणाला काही वाटलं नाही. डॉक्टरकडे नेण्याखेरीज त्याला दुसरीकडे कुठे नेत होतीस का गं? विचारतेय, ठपका ठेवत नाही. घराच्या गराजमधून दवाखान्याच्या दारात, आणि तिथून परत गराजमध्ये. तूही तशीच.

मी तिकीट पुढे ढकलतेय. जानेवारीअखेर राहता येईल, असं ऊर्मीनं बघून सांगितलं. 'आत्या, आर यू शुअर?' म्हणून तीनदा विचारलं. मी म्हणाले, शुअर आहे.

एक अट आहे. यादीत नाव परत घालायचं की नाही, ते त्याच्या समोर ठरवायचं. त्याला कळेल असं विचारायचं आणि त्याला वेळ द्यायचा. त्या वेळी मी मधे बोलणार नाही. बोलले तर मला बाहेर पाठव.

नीट ये.

यामिनीताई


ग्वेल्फ, १६ मार्च २०२५

ती. यामिनीताई,
सा. न.

सांगलीहून फोनवर तुम्ही विचारलंत आणि मी 'ठीक आहे' म्हणून विषय बदलला. फोनवर बोलवत नव्हतं, म्हणून लिहिते.

तीन तारखेला बेडचं कळवणाऱ्या त्या बाईचा फोन आला. तुमच्यासमोर आपण नाव घातलं तेव्हा वर्षभर तरी लागेल असं त्यांनी सांगितलं होतं. पण पडण्याची नोंद झाल्यामुळे नंबर वर आला म्हणे. फोन मी स्पीकरवर घेतला आणि उल्हासच्या समोर ठेवला. तिनं सगळं सांगितलं, खोली कुठली, कोण शेजारी, किती दिवसांत यायचं. मी त्याला म्हणाले, 'उद्या अकरापर्यंत वेळ आहे. तू ठरव.' तो तासभर खिडकीबाहेर बघत होता. स्नो पडत होता. मग त्यानं वाकून डाव्या हातानं स्वतःचे बूट पुढे ओढले आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, 'नक्की?' तर म्हणाला, 'नाही,' आणि एक बूट पायात घालायला लागला. चुकीचा पाय होता. मी बरोबर केला नाही, त्याला वेळ दिला.

सहा तारखेला त्याला तिथे सोडलं. सामान दोन सुटकेस. आपलं नाव लिहिलेली दाराची पाटी त्यानं बोटानं चाचपून बघितली. मी घरी आले आणि सवयीनं दोन माणसांचा कुकर लावला.

तिथलं जेवण त्याला आवडणार नाही म्हणून मी रोज डबा घेऊन साडेबाराला जात होते. लंच तेव्हाच असतो. समोर बसायचं, भरवायचं, तोंड पुसायचं, परत यायचं. लॅबमध्ये त्यांना मी लंच अवर वाढवून मागितला होता. पाचव्या दिवशी रस्ते घसरडे होते. मी हल्ली बसनंच जाते, ती उशिरा आली. पोचायला एक वाजायला आला.

डायनिंग हॉलच्या दारातून मी आत बघितलं. चौघांच्या टेबलाशी तो बसला होता. ताटलीला एका बाजूनं उंच कड होती. डाव्या हातात जाड दांड्याचा चमचा. तो मटार त्या कडेला लावून चमच्यात घेत होता आणि तोंडात घालत होता. निम्मे सांडत होते. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ न बघता आपल्या हाताच्या पंज्यानं त्याचे सांडलेले मटार परत ताटलीकडे सरकवत होते. उल्हास आपला आपण जेवत होता, ताई. तीन वर्षं मी त्याला घासघास भरवलाय. त्याला येत होतं की नव्हतं, की तिथे पाच दिवसांत आलं, ते मला माहीत नाही. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, पहिल्या दिवशी चमचा दिला, त्यानं घेतला.

मी आत गेले. त्यानं मला बघितलं. चमचा खाली ठेवला, मान वर केली आणि तोंड उघडून वाट बघत राहिला.

मी डबा उघडला आणि भरवलं. भरवण्याशिवाय दुसरं काय करावं ते सुचलं नाही. घरी येऊन जिन्यातच बसले.

दुसऱ्या दिवशी वेळेवर गेले, पण कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसून राहिले. आतून चमच्यांचा आवाज येत होता, त्यातला त्याचा कुठला ते ओळखायचा प्रयत्न करत होते. एक वाजता ताटल्या उचलल्या, मग आत गेले. त्याच्या शर्टावर डाळ सांडली होती, हनुवटीला भात होता. त्यानं मला डाव्या हातानं शेजारची खुर्ची दाखवली. आम्ही बसलो.

आता मी एक वाजताच जाते. डबा नेत नाही.

तुमची,
सुनेत्रा